सावडीचे हात

भिंतीवरच्या फळ्यावर सगळे दिवे हिरवे होते, आणि वैजयंताला हातातली सुरी जाणवत नव्हती.

सुरी हातात आहे हे तिला डोळ्यांनी दिसत होतं, म्हणून ती चालवत होती. समोर कोंबडी आली की मनगट वळत होतं, पातं सांध्यात शिरत होतं, पंख सुटून खालच्या घमेल्यात पडत होता. इतक्या वर्षांची सवय, हात आपला आपण चालत होता. पण अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं दुसऱ्याच कुणाची असावीत तशी झाली होती.

पलीकडे, पॅकिंगच्या टेबलाशी उभी राहून ट्रेवर प्लास्टिक ताणणारी भागामावशी तिच्याकडे बघत होती. हात बधिर झाल्याचं सबंध हॉलमध्ये तिलाच तेवढं माहीत होतं. फळ्यावर वैजयंताच्या जागेपुढे जळणारा हिरवा दिवा वैजयंताच्या हाताचा नव्हताच. तो भागामावशीच्या डाव्या हाताचा होता.

चंद्रभागा पिसाळ, म्हणजे सगळ्या कंपनीची भागामावशी, कडेगावच्या पुढच्या माळावर 'धवलपंख' उभी राहिली तेव्हापासून तिथे होती. तेव्हा नुसती पत्र्याची शेड होती आणि भोवती बाभळी. एका दारानं कोंबड्या जिवंत यायच्या, दुसऱ्या दारानं स्वच्छ तुकडे होऊन बर्फात निघायच्या. मधल्या हॉलमध्ये छताला साखळी, साखळीला हुक, आणि हुकाला पाय वर करून टांगलेली सोललेली कोंबडी. साखळी सरकत राहायची आणि ओळीनं उभ्या असलेल्या बायका आपापला काप घ्यायच्या. कुणी पंख, कुणी तंगडी, तर कुणी छातीचं मांस हाडावरून उतरवायची. गारठा एवढा की पौष आणि वैशाख आत सारखेच.

पण त्या जुन्या साखळीला एक चाल होती. एक कोंबडी पुढे जाऊन दुसरी येईपर्यंत शेजारणीला एक वाक्य सांगता यायचं. नजर कामावर ठेवून बायका एकेक वाक्य पुढे सरकवायच्या. वरच्या टोकाला निघालेली बातमी जेवणाच्या सुट्टीपर्यंत खालच्या टोकाला पोचायची, आणि वाटेत तिला हातपाय फुटायचे. कुणाच्या सुनेला दिवस गेलेत असं वर निघायचं, ते खाली पोचेपर्यंत जुळं जन्मून त्यांचं बारसंही उरकलेलं असायचं. हसताना सुरी हलू नये म्हणून बायका ओठ दाबून हसायच्या.

सावड त्याच दिवसांत सुरू झाली. भागामावशीच्या माहेरी हळदीच्या काढणीला सावड असायची. आज माझ्या रानात तू, उद्या तुझ्या रानात मी, मजुरीचं नाव नाही. तीच रीत तिनं साखळीवर आणली. एखादीचा हात आखडला की वरची शेजारीण म्हणायची, "चार हुक सावडीला घेते." म्हणजे त्या चार कोंबड्यांचा काप तीच मारून द्यायची, आणि खालची तेवढा वेळ हात चोळून घ्यायची. कुणी काही लिहून ठेवत नव्हतं, पण विसरतही नव्हतं.

पुढे शेडची इमारत झाली, साखळीचा वेग वाढत गेला आणि वाक्यं तुटत गेली. आधी अर्ध्यावर राहायला लागली, मग नुसते शब्द उरले, मग तेही नाहीत. भागामावशीच्या उजव्या हाताची बोटं आल्याच्या कुड्यांसारखी सुजून वाकडी झाली, तेव्हा तिला सुरीवरून पॅकिंगला टाकलं. सुरीवरची तिची जागा वैजयंताला मिळाली. वैजयंता तिच्या मेलेल्या बहिणीची मुलगी, मावशीच्याच हाताखाली वाढलेली. नवरा पहिल्या मुलीनंतर जो गुजरातेत गेला तो तिकडचाच झाला, तेव्हा ही पोरीला कडेवर घेऊन परत मावशीकडे आली. तिच्या हातात सुरी भागामावशीनंच दिली होती. धार कशी लावायची, मनगट कुठं सैल सोडायचं, सगळं तिनंच शिकवलं होतं.

मग पट्टे आले.

ते घेऊन पुण्याहून प्रणोती शेजवलकर नावाची मुलगी आली. इंजिनीअर होती, पण बोलायला साधी. कँटीनमध्ये बायकांना बसवून तिनं सगळं समजावून सांगितलं. स्नायू काम करतो तेव्हा त्यात बारीक वीज खेळते. कातडीवर चकती ठेवली की ती वीज मोजता येते. ताजा स्नायू भरभर कुजबुजतो, दमलेल्याची कुजबुज संथ आणि जड होते. आपल्याला दमलोय असं वाटायच्या कितीतरी आधी हा फरक पडलेला असतो. दुसरी गोष्ट मनगटाची. तिथं हाडांचा एक अरुंद बोगदा आहे. बोटं हलवणाऱ्या दोऱ्या आणि बोटांना जाण देणारी नस, दोन्ही त्यातूनच जातात. तीच तीच हालचाल करून दोऱ्या सुजल्या की नस चेंगरते. पट्टा कातडीवरून न ऐकू येणारा आवाज आत सोडतो आणि त्याच्या पडसादावरून ही सूज ओळखतो. दुखायला लागण्याच्या काही आठवडे आधीच.

फळ्यावर प्रत्येक जागेपुढे एक दिवा लागणार होता. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे जपा, लाल म्हणजे थांबा. आणि साखळीचा वेग यापुढे मॅनेजर ठरवणार नव्हता, हात ठरवणार होते. बहुतेक हात दमले की साखळी आपोआप हळू होईल, ताजे असले की वाढेल. माल घेणाऱ्या परदेशी दुकानांनीच तशी अट घातली होती. मध्ये कुणालाही ढवळाढवळ करता येणार नव्हती.

बायकांना हे पटलं होतं. प्रणोतीनं भागामावशीचा वाकडा हात हातात घेऊन बघितला होता, आणि हे यंत्र थोडं आधी यायला हवं होतं, असं म्हणाली होती. ते खोटं वाटलं नव्हतं.

घोटाळा एका शब्दात होता. लाल दिवा लागलेल्या बाईला 'विश्रांती' मिळणार होती. पण बायका कंपनीच्या नव्हत्या, ठेकेदाराच्या होत्या, आणि ठेकेदाराच्या घरची विश्रांती म्हणजे बोलावू तेव्हा ये. पहिला लाल दिवा इंदुमती जगदाळेचा लागला. ठेकेदाराचा माणूस लोखंडे यानं तिचा गेटपास काढून घेतला. इंदुमती अजून बोलावण्याची वाट बघत होती.

दुसऱ्याच आठवड्यात मुमताज मुल्लाचा दिवा पिवळा झाला. साखळीच्या वरच्या टोकाची मुमताज भागामावशीच्या जोडीची, पहिल्या शेडपासूनची. घरी दोन मुली आणि अंथरुणाला खिळलेला नवरा. कपडे बदलायच्या खोलीत ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. भागामावशीनं तिच्या मनगटावरचा पट्टा सोडवला, आपल्या डाव्या मनगटाला बांधला आणि वरून ढगळ बाही ओढली.

"सावडीला घेतला," ती म्हणाली. "माझ्या डाव्या हाताला काय काम असतंय? ट्रे धरायचा."

हातमोजा आणि बाही यांच्याखाली पट्टा कुणाला दिसत नव्हता. थंडीनं आणि धुण्यानं कातडीचा गुण रोज बदलतो, म्हणून पट्टा दर सकाळी नव्यानं सुरुवात करायचा. तो कुणाच्या हातावर आहे हे त्याला कळत नव्हतं. मुमताजचा दिवा हिरवा झाला आणि हिरवाच राहिला. बघता बघता रीत पडली. मुमताजचा पट्टा मग दुसरीनं घेतला आणि भागामावशीनं वैजयंताचा. सुरीवरच्या जवळजवळ प्रत्येकीचा पट्टा पॅकिंगमधल्या कुणाच्या तरी डाव्या मनगटावर गेला. फळा हिरवागार झाला. त्यानंतर कुणाचा गेटपास गेला नाही.

साखळीचा वेग मात्र वाढला, आणि थोड्या दिवसांनी आणखी वाढला. बायका म्हणाल्या, मालकाची हाव. मुमताज म्हणाली की पुण्याची ती पोरगीही त्यांनाच सामील असणार. भागामावशीनंही मान हलवली होती.

त्या सकाळी सगळे दिवे हिरवे असताना तिच्या हातात एक ट्रे आला. ती प्लास्टिक ताणणार तोच तिला मांसावर एक लाल थेंब दिसला. शेजारी दुसरा.

थंडगार कोंबडीला रक्त येत नाही. ते केव्हाच वाहून, धुऊन गेलेलं असतं. भागामावशीनं बोट लावलं. थेंब ऊन होता.

तिनं मान वर केली. वैजयंता सुरी चालवत होती. तिचा उजवा हात मुठीवरून घसरून पात्यावर आला होता, आणि रबरी मोजा तळव्यावर फाटून आतून लाल झाला होता. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. ती पुढची कोंबडी घ्यायला वळली.

भागामावशी पळाली नाही. ओल्या फरशीवर पळालं तर पाय जातो आणि हाक मारली तर सुरीवरची बाई दचकते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती झपझप चालत गेली, वैजयंताच्या वरच्या जागेवर उभ्या मुमताजला हलक्या आवाजात म्हणाली, "वैजूचे हुक घे," आणि वैजयंताच्या मनगटाला धरून तिला ओळीतून मागे घेतलं.

"काय गं मावशे," वैजयंता वैतागून म्हणाली, आणि मग तिनं स्वतःच्या हाताकडे बघितलं.

कंपनीच्या दवाखान्यात नर्सनं टाके घातले. वैजयंतानं हूं की चूं केलं नाही. नर्स म्हणाली, धीराची आहे बाई. भागामावशीला त्या धीराचीच भीती वाटली.

सुरी हातातून सटकली, असं वैजयंतानं लोखंडेला सांगितलं, आणि त्यानं ते मान्य केलं, कारण फळ्यावर तिचा दिवा हिरवा होता. हिरव्या हाताला झालेली जखम म्हणजे बाईचा निष्काळजीपणा. टाके निघाल्यावर लगेच कामावर ये, असं बजावून तो गेला.

वैजयंता घरी बसलेली असतानाच साखळी पुन्हा वाढली. भागामावशी एप्रन काढून तडक प्रणोतीच्या काचेच्या खोलीत गेली. भांडायचंच ठरवून गेली होती. तुम्ही मालकाचं ऐकून वेग वाढवता आणि वर काळजीच्या गोष्टी करता, असं तिनं तोंडावर सांगितलं. प्रणोतीनं ऐकून घेतलं. मग समोरचा पडदा तिच्याकडे वळवला. त्यावर एक रेघ पायऱ्या पायऱ्यांनी वर चढत होती.

"मावशी, वेग कुणीच वाढवलेला नाही. मला तर वाढवताच येत नाही. यंत्र वेग थोडा वाढवून बघतं आणि हात दमतायत का ते तपासतं. दमले तर मागे येतं. तुमचे हात दमतच नाहीत. गेल्या वेळी वेग वाढवला तर उलट आणखी ताजे झाले. असं मी कुठल्याच कारखान्यात बघितलेलं नाही. मीच चक्रावलेय."

भागामावशी त्या रेघेकडे बघत राहिली. पहिली पायरी कुठल्या आठवड्यातली ते तिला विचारावं लागलं नाही. त्याच आठवड्यात तिनं मुमताजचा पट्टा बांधून घेतला होता. ट्रे धरून उभा असलेला तिचा डावा हात रोज यंत्राला सांगत होता, मला काही झालेलं नाही, चालू दे. पॅकिंगमधले सगळे डावे हात तेच सांगत होते.

तिनं खुर्ची ओढून घेतली. बसल्यावर तिनं विचारलं, समजा यंत्राला कुणी चुकीचाच हात दाखवला तर?

प्रणोतीचा हात पडद्यावरून खाली आला. ती भागामावशीच्या ढगळ बाहीकडे बघू लागली. तिचा चेहरा उतरला. कुणी दुसऱ्याचा पट्टा घालेल हे आमच्या कुणाच्या मनातच आलं नव्हतं, असं ती पुटपुटली. मग उठून तिनं दार लावून घेतलं.

"मला काही सांगू नका. सांगितलंत तर मला वर कळवावं लागेल, आणि मग सगळ्यांचेच पास जातील. फक्त ऐका. एकीचा हात दमलेला दिसला तर यंत्र तिला आजारी समजतं. निम्म्याहून जास्त दिसले तर ते साखळीला आजारी समजतं, आणि मग हळू होतं. त्यासाठी एक सकाळ पुरते. पण सगळ्या एकदम. दोघी-तिघींनी खरं दाखवून बाकीच्या राहिल्या तर त्या दोघी-तिघीच घरी जातील."

त्या संध्याकाळी घरी भागामावशी वैजयंताला काही सांगायच्या आधी दारातच थबकली. मोरीत वैजयंता आपल्या पोरीच्या, मनवाच्या आंघोळीचं पाणी बघत होती. बादलीत ती हाताऐवजी कोपर बुडवत होती. मनवा सहा वर्षांची, तिला त्यात गंमत वाटत होती. तीही आपलं कोपर बुडवून बघत होती.

पोर बाहेर खेळायला गेल्यावर भागामावशीनं सगळं सांगितलं. भाकरी थापता येत नाही म्हणून वैजयंतानं भात टाकला होता. तो खाली लागल्याचा वास आला तरी ती उठली नाही.

"म्हणजे मी पट्टा घालायचा," ती शेवटी म्हणाली.

"सगळ्यांनीच."

"सगळ्या न्हाईत घालायच्या. तुला म्हाईत हाय. बाहीखाली कुणाला काय दिसतंय? प्रत्येकीला वाटंल, बाकीच्या घालतील, मी कशाला. आन माझा तर पयला लाल हुईल."

"हुईल."

"मग इंदुमतीवाणी बसू का दारात? पोरीला काय घालू?" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "सुरी तू दिलीस मावशे. पट्टाबी तूच काढून घेतलास. आता म्हणतीस परत घाल. माझा हात हाय का तुझा?"

हळदीच्या रानातली सावड भागामावशीला आठवत होती. तिथं दमलेली बाई बांधावर बसलेली सगळ्यांना दिसायची. तिचा वाफा कुणी काढला हेही दिसायचं. इथं त्यांनी दमणंच झाकून टाकलं होतं. तिनं उठून भात उतरवला, वरचा वरचा चांगला काढून वैजयंतापुढे ठेवला, आणि म्हणाली की हात तुझाच आहे, ठरव तूच. पण यापुढे तुझा पट्टा मी बांधणार नाही.

वैजयंता जेवली नाही. त्यानंतर टाके निघेपर्यंत दोघींमध्ये कामापुरतंच बोलणं झालं.

बाकीच्यांना सांगितलं ते वडापमध्ये. कंपनीतून गावाकडे येणाऱ्या त्या जीपमध्ये बायका एकमेकींच्या मांडीवर बसून यायच्या, आणि ड्रायव्हर गाणी इतकी मोठ्यानं लावायचा की मागं काय चाललंय ते त्याला कधी कळायचं नाही. भागामावशीनं आधी आपली चूक सांगितली, मग प्रणोतीचं नाव न घेता यंत्राची गोष्ट. एक जण म्हणाली, मावशीचं बरं आहे, मावशी पॅकिंगला. दुसरी म्हणाली, यंत्र हळू झालं नाही तर? कुणी म्हणाली, मालाची मोठी ऑर्डर जाऊ दे, मग बघू. मुमताज खिडकीतून बाहेर बघत होती. तिचं गाव आल्यावर ती उतरली, आणि बाहेरूनच आत वाकून म्हणाली, "वैजू ज्या दिवशी येईल त्या दिवशी. तिला एकटीला लाल होऊ दिलं तर पुढच्या जन्मी कोंबडी व्हाल सगळ्या."

थोडं हसू झालं. घालते असं मात्र कुणी म्हटलं नाही.

वैजयंता कामावर आली त्या सकाळी कपडे बदलायच्या खोलीत पॅकिंगच्या बायकांनी आपापल्या डाव्या मनगटावरचे पट्टे सोडले आणि जिचे तिला दिले. भागामावशीनं वैजयंताचा पट्टा तिच्या ताज्या व्रणाच्या हातावर ठेवला. वैजयंतानं तो बाहीत सारला. बांधला की नुसता खोचला, ते दिसलं नाही. कुणाचंच दिसलं नाही. बाह्या खाली आल्या, हातमोजे चढले, सुऱ्या निघाल्या.

साखळी सुरू झाली ती कालच्याच वेगानं. यंत्राला अजून काही ठाऊक नव्हतं. आता ते सुरीवरच्या दमलेल्या हातांना, ताजे समजून, त्याच वेगानं पळवणार होतं, आणि पटेपर्यंत बायकांना तो वेग सोसायचा होता. हुक खडखडत येत होते. भागामावशीचे हात ट्रेवर होते आणि डोळे कधी फळ्यावर, कधी वैजयंताच्या मुठीवर. मूठ घसरते का. प्रत्येक ट्रे ती उजेडात धरून बघत होती, लाल थेंब आहे का.

फळा हिरवा होता.

बराच वेळ तो हिरवाच राहिला. भागामावशीच्या मनात आलं, कुणीच घातला नाही. वैजूनंही नाही. आणि तिला वाईट वाटायच्या ऐवजी आधी सुटल्यासारखं वाटलं. त्याची तिला लाज वाटली.

मग एक दिवा पिवळा झाला. वैजयंताच्या जागेचा. तो पिवळा फार वेळ टिकला नाही. लाल झाला.

सबंध हिरव्या फळ्यावर तो एकटाच. लोखंडे हॉलच्या टोकाला पाठीमागे हात बांधून उभा होता, त्यानं मान उचलली. वैजयंतानं फळ्याकडे बघितलं नाही. ती समोरची कोंबडी कापत होती. लोखंडे निघाला. त्याचे गमबूट ओल्या फरशीवर पचपच वाजत होते. भागामावशीनं ओळीवरून नजर फिरवली. एकही बाई मान वर करत नव्हती. मुमताज नाही, कुणीच नाही.

लोखंडे वैजयंताच्या मागे येऊन थांबला. तिनं सुरी खाली ठेवली, मागे सरली, आणि डाव्या हातानं गळ्यातला गेटपास काढून त्याच्या हातात दिला. मावशीकडे फक्त एकदा बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, आणि तेच भागामावशीला सोसलं नाही. तिच्या हातातला ट्रे टेबलावर पडला.

"पुढची कोण घेणार ही जागा?" लोखंडेनं ओळीला विचारलं.

"कुणाकुणाची जागा देताय ते आधी मोजा," मुमताज मान न वळवता म्हणाली.

लोखंडेनं वर बघितलं. मुमताजचा दिवा पिवळा झाला होता. तिच्या खालचाही. वरच्या कोपऱ्यातला एक एकदम लाल झाला. मग मधले दोन. जवळजवळ सगळ्यांनीच घातले होते. वैजयंताच्या हाताला दाखवायला फारसा वेळ लागला नव्हता, बाकीच्यांच्या हातांना थोडा जास्त लागला, एवढंच. फळा वरपासून खालपर्यंत बदलत गेला. दोन दिवे हिरवे राहिले. त्या दोघी कोण हे सगळ्यांना कळलं, आणि त्या दिवशी तरी त्यांना कुणी काही बोललं नाही.

आधी फरक कानाला कळला. हुकांच्या खडखडाटात फटी पडू लागल्या. मग कोंबड्यांमधलं अंतर डोळ्यांना दिसलं. साखळी मंदावत गेली, आणखी मंदावली, आणि एका चालीवर येऊन ठरली. भागामावशीला ती चाल ओळखीची वाटली. पत्र्याच्या शेडची होती ती.

लोखंडे फोनवर कुणाशी तरी बोलत होता. एवढ्या जणींना घरी पाठवलं तर सुरी कोण धरणार, असं तो पुन्हा पुन्हा विचारत होता. पलीकडून काय उत्तर आलं कळलं नाही. थोड्या वेळानं त्यानं फोन खिशात टाकला, पॅकिंगच्या टेबलाशी जाऊन थांबलेल्या वैजयंताकडे आला, आणि तिचा पास तिच्या पुढ्यात ठेवून, आजच्यापुरतं ट्रेवर उभी राहा म्हणाला. आजच्यापुरतं, हे त्यानं दोनदा सांगितलं. उद्याचं काय ते त्यालाही ठाऊक नसावं.

वैजयंता मावशीशेजारी उभी राहिली. वरच्या टोकाला मुमताजनं नजर कामावर ठेवून शेजारणीला काहीतरी सांगितलं. शेजारणीनं कोंबडी जाऊ दिली आणि पुढचीला सांगितलं. वाक्य ओळीवरून एकेक हुक खाली उतरत आलं. पॅकिंगच्या टेबलाशी ते पोचलं तेव्हा लोखंडेनं वैजूच्या पायावर डोकं ठेवलं होतं आणि तिला साडी-चोळी कबूल केली होती.

वैजयंतानं ओठ दाबले. तिचे खांदे हलायला लागले. त्यातलं हसू किती आणि रडू किती, हे मावशीनं बघितलं नाही. तिनं टेबलाखाली वैजयंताचा उजवा हात धरला आणि आपल्या वाकड्या बोटांनी तिची बोटं एकेक करून दाबली. करंगळी. तिच्या शेजारचं. मधलं. पहिलं. मग अंगठा.

"कळतंय?"

"न्हाय," वैजयंता म्हणाली. मग थोडं थांबून, "पर सोडू नगंस."